नेमबाजीला हवेत रविवारचे सामने

पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयात शिकणारा आणि एअर रायफल बऱ्यापैकी चालवणारा विद्यार्थी वर्षभरात खऱ्या स्पर्धेत किती वेळा उतरतो, याचा हिशेब मांडून पाहावा. विद्यापीठाच्या वाटेने गेला तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि निवड झालीच तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. रायफल संघटनेच्या वाटेने गेला तर जिल्हा, राज्य, त्यापुढे मावळंकरांच्या नावाची पूर्वपात्रता स्पर्धा आणि मग राष्ट्रीय. यातली प्रत्येक पायरी वर्षातून एकदाच येते आणि प्रत्येक पायरीवर बहुतेक मुले गळतात. मधल्या फळीतल्या मुलाच्या वाट्याला त्यामुळे स्पर्धेचे मोजकेच दिवस येतात. उरलेले वर्ष तो दहा मीटरवरच्या कागदाकडे बघत एकट्याने सराव करतो. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला वर्षभर नेटमध्येच ठेवले आणि सामने दोन-तीनच दिले, तर तो लवकरच बॅट माळ्यावर टाकेल. नेमबाजीत मुले टिकतात, हेच खरे तर नवल आहे.

विद्यार्थ्यांच्या नेमबाजी क्लबांची नियमित साखळी स्पर्धा, म्हणजे आजच्या भाषेत लीग, आपल्याकडे उभी राहायला हवी. ती पुढे देशभर जावी, पण सुरुवात पुण्यातून व्हावी, असे मला वाटते. पदके वाढवणे हा तिचा हेतू असू नये. पदकांची व्यवस्था महाराष्ट्राने आपल्या पद्धतीने केलेलीच आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. त्याच शहरातल्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण आणले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे क्रीडा प्रबोधिनीतून घडला, मध्य रेल्वेत पुण्याला तिकीट तपासनीस म्हणून लागला, बालेवाडीत सराव करत राहिला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याने ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली, आणि ते आले या खेळातून. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे यांची पिढी त्याआधीची. अंजली तर एनसीसीच्या रेंजवरून सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. पण या यादीत एक गोष्ट लपते. ही सगळी शिखरावर पोहोचलेली माणसे आहेत आणि त्यांच्या मागे राहिलेल्या शेकडो जणांचे काय झाले, हे यादी सांगत नाही.

शिखर किती अरुंद आहे, याला ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचे उदाहरण पुरे. २०२२ मध्ये कैरोला तो १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला आणि पॅरिसचा कोटा देशाला त्यानेच मिळवून दिला. कोटा देशाचा असतो, खेळाडूचा नसतो. एका प्रकारात एका देशाचे दोघेच जातात. निवड चाचण्यांत दुसरे दोघे पुढे राहिले आणि जगज्जेता घरी राहिला. नियमाप्रमाणे यात अन्याय नाही. पण जिथे जगज्जेत्याला जागा मिळत नाही, तिथे राज्यात चाळिसाव्या क्रमांकावर असलेल्या मुलीने कशाच्या ओढीने रोज रेंज गाठायची? शिडीत वरच्या पायरीखेरीज कशालाच किंमत नसते. साखळीत प्रत्येक रविवारच्या सामन्याला असते.

हे साधते कसे, ते जर्मनीत पाहावे. तिथे १९९७ पासून एअर रायफलची बुंडेसलीगा चालते आणि एअर पिस्तुलाचीही आहे. एका क्लबचे पाच नेमबाज दुसऱ्या क्लबच्या पाच जणांशी भिडतात. सरासरीप्रमाणे क्रम लावलेला असतो: पहिला पहिल्याशी, पाचवा पाचव्याशी. प्रत्येकाचे ४० शॉट. ज्याची बेरीज जास्त त्याच्या क्लबाला एक गुण, बरोबरी झाली तर जादा शॉटवर निकाल. संघाच्या एकूण बेरजेला महत्त्व नाही, पाचपैकी तीन लढती जिंकायच्या. या एका नियमाने खेळाचा स्वभाव बदलतो. पहिल्या क्रमांकाच्या ताऱ्याने दहा गुणांनी जिंकले काय आणि पाचव्या क्रमांकाच्या नवख्याने एका गुणाने जिंकले काय, दोघांचे मोल सारखेच. आपल्या सांघिक प्रकारात तिघांची बेरीज धरतात, त्यामुळे क्लब चौथ्या माणसाकडे बघतही नाही. तिकडे क्लबाला पाचव्याला घडवावेच लागते, कारण सामना बऱ्याचदा तोच फिरवतो. शिवाय एकास एक लढतीमुळे प्रेक्षकाला काय चालले आहे ते कळते. जर्मन क्लबांचे पाठीराखे ढोल वाजवतात, ओरडतात आणि नेमबाज त्या गोंगाटात ट्रिगर दाबायला शिकतात. ढोलांची उणीव पुण्याला तरी भासणार नाही.

अमेरिकेत महाविद्यालयांची राष्ट्रीय रायफल स्पर्धा १९८० पासून आहे आणि तिच्यात मुले-मुली एकाच संघातून, एकाच गुणतक्त्यावर खेळतात. आपल्यासाठी ही बाब फार सोयीची आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१८ पासून एअर रायफल आणि एअर पिस्तुलासाठी स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच ६० शॉट असतात, तेव्हा मिश्र संघाला तांत्रिक अडचण राहिलेली नाही. पाच मुलगे आणि पाच मुली असे दोन संघ उभे करणे लहान महाविद्यालयाला जड जाईल, पाच जणांचा एक संघ जमेल.

आता लीग म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लिलाव, फ्रँचायझी आणि रोषणाई येते. राष्ट्रीय रायफल संघटनेनेही २०२५ मध्ये व्यावसायिक शूटिंग लीगची घोषणा केली. तिला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली ती गल्लोगल्लीच्या क्रीडा मंडळांच्या, जिल्हा अजिंक्यपद स्पर्धांच्या कित्येक दशकांच्या पुण्याईवर. मंडळे आधी होती, लिलाव नंतर आला. नेमबाजीत मंडळांचा थर अजून पातळ आहे आणि तो दूरचित्रवाणीवरच्या दोन आठवड्यांनी जाड होणार नाही. तो महाविद्यालयांत घडेल. महाविद्यालयाच्या नावाने माणसे किती राबतात, हे पुण्याला सांगायला नको. १९६३ पासून एकांकिकांच्या पुरुषोत्तम करंडकासाठी मुले रात्री जागवतात ती रोख बक्षिसासाठी नव्हे. तारीख ठरलेली, प्रतिस्पर्धी ओळखीचे आणि गेल्या वर्षीची हार लक्षात ठेवणारे सीनियर्स, एवढ्यावर ती परंपरा चालते.

लीगपुढची खरी अडचण अंतराची आहे. देशभर संघ फिरवायचे तर शस्त्रे, जॅकेटे, रेल्वेची आरक्षणे आणि बुडणारी व्याख्याने यांतच सगळे खर्ची पडेल. यावरचा उपाय नेमबाजीकडे शंभर वर्षांहून जुना आहे. ब्रिटन-अमेरिकेतले क्लब आपापल्या रेंजवर नेम धरत आणि लक्ष्याचे कागद टपालाने पाठवून सामने खेळत. ब्रिटनमध्ये अशा टपाली साखळ्या आजही चालतात. अमेरिकेत मिनेसोटातून २००१ मध्ये सुरू झालेली शाळकरी मुलांची क्ले टार्गेट लीग याच तत्त्वावर वाढली: संघ आपल्या गावाजवळच्या रेंजवर नेम धरतात आणि आठवड्याचे गुण संगणकावर नोंदवतात. आपल्यालाही हे अपरिचित नाही. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत मनू भाकरसारख्या नेमबाजांनी घरच्या रेंजवरून झूमवर स्पर्धा खेळली होती. प्राथमिक फेऱ्या अशा दूरस्थ आणि फक्त अखेरची फेरी समोरासमोर, असा आराखडा केला तर भंडाऱ्याचे महाविद्यालय आणि मडगावचे महाविद्यालय एकाच गटात खेळू शकते.

पुण्यात तर दूरस्थ फेरीचीही गरज नाही. आठ महाविद्यालयांचा एक गट धरा. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हणजे २८ सामने होतात. दहा फायरिंग पॉइंटची रेंज असेल तर दोन संघ समोरासमोर उभे राहतील. तयारी, साइटर (नेम जुळवण्याचे शॉट) आणि ४० शॉट धरून एका सामन्याला दीड तास लागेल. रविवारी चार सामने, म्हणजे सात रविवारांत साखळी संपते आणि प्रत्येक मुलाला सात सामने मिळतात. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या आणि २०१९ मध्ये खेलो इंडिया. गगन नारंगच्या अकादमीची सुरुवातही तिथूनच झाली. रेंज, प्रशिक्षक, पंच या शहरात आहेत. शिवाय दहा मीटरची रेंज फार जागा मागत नाही. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असते, तेवढ्यात मीटरभर रुंदीचे सहा पॉइंट बसतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुण्याबरोबर नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हे येतात. नाशिकला क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांनी नेमबाजीची गोडी लावून ठेवलेली आहे. पहिल्या वर्षी पुणे गट, दुसऱ्या वर्षी नाशिक आणि कोल्हापूर, तिसऱ्या वर्षी राज्याबाहेर, हा वेग मला पुरेसा वाटतो. पहिल्याच वर्षी ‘राष्ट्रीय’ फलक लावून चार संघ जमवण्याचा उद्योग आपल्याकडे अनेक खेळांनी केलेला आहे.

पहिला आक्षेप सुरक्षेचा येईल आणि तो यायलाच हवा. विद्यार्थी आणि बंदुका हे शब्द शेजारी आले की अमेरिकेतल्या शाळा आठवतात. म्हणूनच तिकडून घ्यायचे ते सामन्यांचे वेळापत्रक, बंदुकांची संस्कृती नव्हे. ही लीग फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तुलाची असावी. स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलपर्यंतच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. याचा अर्थ ते खेळणे आहे असा नाही, डोळा जायला एक पेलेट पुरतो. शस्त्रे रेंजवरच कुलपात राहतील, नळीत सेफ्टी फ्लॅग असल्याखेरीज कोणी लक्ष्याकडे जाणार नाही आणि रेंज अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा असेल, हे नियम गुणांइतकेच काटेकोर हवेत. एनसीसी १९४८ पासून विद्यार्थ्यांच्या हाती रायफल देते आहे आणि संध्याकाळी ती मोजून कोतात, म्हणजे शस्त्रागारात, परत ठेवते. ती शिस्त आयती उपलब्ध आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा: हा श्रीमंतांचा खेळ आहे. परदेशी बनावटीची चांगली रायफल काही लाखांत जाते, जॅकेट, पँट आणि बूट वेगळे, हे खरेच आहे. परंतु आजच्या व्यवस्थेत हा भार एकेका कुटुंबावर पडतो. क्लबाच्या व्यवस्थेत तो वाटला जातो. दूरस्थ फेरीत पाच जणांना दोन रायफली पुरतात, एकामागून एक नेम धरायचा. रायफल प्रत्येकाच्या गालाला आणि खांद्याला नव्याने बसवावी लागते, त्यासाठी मापे वहीत टिपून ठेवायची; पिस्तुलाच्या मुठीचा आकार मात्र हाताप्रमाणे लागतो, तिथे थोडी तडजोड होईल. मुख्य गटाखाली साध्या रायफलींसाठी ओपन साइटचा वेगळा गट ठेवावा. तिथून वर चढायचे, हरलो तर खाली उतरायचे. दहाचे वर्तुळ एअर रायफलच्या लक्ष्यावर अवघे अर्ध्या मिलिमीटरचे असते. ते गाठण्याची हौस साध्या रायफलीवरही लागते.

दूरस्थ गुणांत लबाडी होईल, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, आणि जिथे प्रमाणपत्राला किंमत आहे तिथे खोटे प्रमाणपत्रही जन्माला येते. त्यावर इलेक्ट्रॉनिक लक्ष्य ही बरी सोय आहे, कारण तिथे प्रत्येक शॉटची वेळ नोंदली जाते. ते नसेल तर क्रमांक घातलेले कागद, प्रतिस्पर्धी महाविद्यालयाचा निरीक्षक आणि चालू कॅमेरा. पण खरा बंदोबस्त वेगळाच आहे. दूरस्थ फेरीच्या गुणांवर कोणतेही प्रमाणपत्र देऊ नये, कोणताही आरक्षणाचा लाभ जोडू नये. जो गुण बालेवाडीत सर्वांसमोर आला तोच धरावा. घरी भरघोस गुण करणारा संघ अखेरच्या फेरीत एकदम खाली आला, तर त्याचे महाविद्यालय आपसूक ओळखले जाईल.

अभ्यास आणि परीक्षांचे म्हणाल, तर सात रविवार ही काही लूट नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ गणपतीचे दिवस सोडून मोकळा मिळतो. अखेरची फेरी जानेवारीत घ्यावी. राष्ट्रीय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या तारखांना धक्का लागता कामा नये, कारण शिडी मोडून साखळी बांधायची नाही. उलट सात सामने खेळून आलेला मुलगा शिडीवर अधिक सराईत असेल. आणि जो शिडी कधीच चढणार नाही, तोही पंच, रेंज अधिकारी, प्रशिक्षक म्हणून या खेळात राहील. या तिन्ही कामांना खेळ समजणारी माणसे लागतात, आणि आज ती तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर हातून निसटतात.

लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली, तेव्हा त्यांच्यापाशी आजच्यासारख्या रेंजही नव्हत्या. आज पुण्यात त्या आहेत. विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाने येत्या जुलैत आठ महाविद्यालयांना एक पत्र पाठवावे: पाच मुलांची नावे, एक जबाबदार शिक्षक. वाचकांपैकी जे कोणी महाविद्यालयांच्या नियामक मंडळांवर आहेत, माजी विद्यार्थी संघांत आहेत किंवा एकेकाळी एनसीसीत फायरिंग करून घरी बढाया मारत होते, त्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना एवढेच विचारावे की दुपारी रिकामा राहणारा हॉल कोणता, आणि त्याची लांबी किती.