बुडणारं मूल हाक मारत नाही

“अहो, पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं!” वसई पश्चिमेला लहान मुलांच्या सहलीचा विषय निघाला की हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, “आणि काही झालं असतं तर पोर ओरडलं नसतं का? आम्ही तिथेच तर बसलो होतो.” सांडोरसारख्या गावात किनारा रिक्षाच्या टप्प्यात, विहीर वाडीत आणि जुन्या घरांच्या मागे गोड्या पाण्याचं बावखल. इथे पाण्याला घाबरणं कमीपणाचं वाटतं. म्हणून या दोन वाक्यांना कुणी हटकत नाही, आणि याच दोन वाक्यांच्या भरवशावर पाळणाघरातल्या मुलांची संध्याकाळची सहल ठरते.

पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचा हेतू चांगलाच असतो. आईवडील सकाळची चर्चगेट लोकल पकडून गेलेले, मे महिन्याच्या सुट्टीमुळे शाळेतली मोठी मुलंही दिवसभर घरात, चारचा खाऊ उरकला की भांडणं सुरू. अशा वेळी सुरुची बागेच्या किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर तासभर जाऊन यावं असं वाटलं, तर त्यात गैर काय? वाटण्यात गैर काहीच नाही. गैर आहे तो ‘ओरडेल’ हा भरवसा.

फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. त्याने नोंदवलेली गोष्ट आज जगभरच्या जीवरक्षकांना शिकवली जाते. बुडणारा माणूस ओरडत नाही, कारण त्याला ओरडता येत नाही. तोंड पाण्यावर येतं ते क्षणभर, आणि तेवढा वेळ श्वास घेण्यातच जातो. हात हलवून तो कुणाला बोलावत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. पाण्याखाली जाण्यापूर्वीचा हा झगडा 20 ते 60 सेकंद चालतो. हिंदी सिनेमात नायिका ‘बचाओ’ म्हणत बुडते, ते तिला संवाद दिलेला असतो म्हणून.

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर झगडाही दिसत नाही. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड असतं. मूल तोंडावर पालथं पडलं की डोकं उचलून सावरण्याइतकी ताकद हातांत नसते. म्हणूनच लहान मुलं घरातल्या बादलीतही बुडतात. नाक आणि तोंड झाकलं जाईल एवढं पाणी पुरतं. तेव्हा घोट्याएवढं म्हणजे कुणाच्या घोट्याएवढं, हे आधी विचारावं. काकूंच्या घोट्याएवढं पाणी पालथ्या पडलेल्या मुलाला पुरून उरतं.

म्हणून पाण्याजवळच्या लहान मुलावर ‘लक्ष ठेवणं’ याचा अर्थ हात लांबवला की मूल हातात येईल इतक्या अंतरावर असणं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला नेमका हाच आहे. आता किनाऱ्यावरचं दृश्य बघा. पाच मुलं, एक काकू. एकाला शू लागली आहे, त्याची चड्डी सोडायची आहे. दुसरीच्या सँडलच्या बक्कलात रेती अडकली आहे. तिसरा बर्फाच्या गोळ्यासाठी हात ओढतोय. तेवढ्यात फोन वाजतो, आई विचारते, “लोकल लेट आहे, अर्धा तास उशीर चालेल ना?” एवढ्यात अर्धं मिनिट गेलं. उरलेली दोघं कुठे आहेत? काकूंच्या मायेवर कुणी शंका घेत नाही. हात दोन आहेत आणि मुलं पाच, एवढाच मुद्दा आहे.

‘आमचा किनारा ओळखीचा आहे’ हाही याच गैरसमजाचा एक फाटा. किनारा ओळखीचा असेल, पाणी रोज वेगळं असतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला लांबवर उघडी रेती. अष्टमीला भरती सहाची, म्हणजे त्याच साडेपाचला पाणी वर चढत असलेलं. मध्ये गेले अवघे सहा दिवस. “मागच्या आठवड्यात इथेच तर खेळली पोरं” या वाक्याला काहीही अर्थ उरत नाही. पावसाळ्यात तर साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस मुंबई महापालिका आधीच जाहीर करते. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असते ती काही फक्त उपासापुरती नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं लहानग्यांचं झालं, मोठी मुलं आणि सोबत शिक्षक असले की प्रश्न नाही. 13 जानेवारी 2018 रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या समुद्रात, कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी भरलेली बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 कॉलेज विद्यार्थी बुडाले. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून 12 मुलं आणि दोन शिक्षिका मरण पावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तिन्हीकडे मोठी माणसं सोबत होती किंवा मुलंच मोठी होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार 2021 मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली, त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. याच संघटनेने बुडण्यावर जे उपाय सुचवले आहेत, त्यांत विहिरींना कठडे आहेत, पोहायला शिकवणं आहे, आणि एक उपाय आहे पाळणाघर! हो, पाळणाघरच. बांगलादेशच्या खेड्यांत घरोघरी पुकुर, म्हणजे थेट आपल्या बावखलांची आठवण यावी असं चित्र. आई कामात असताना, सकाळच्या वेळी, तिथली मुलं त्या पाण्यात बुडायची. तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवून ‘आंचल’ नावाची केंद्रं सुरू झाली. सकाळी नऊ ते दुपारी एक मुलं एका जागी, एका जबाबदार बाईच्या नजरेखाली. या केंद्रांत येणाऱ्या मुलांमध्ये बुडून होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचं अभ्यासांत दिसलं, आणि 2022 मध्ये तिथल्या सरकारने अशी 8000 केंद्रं काढण्याचा कार्यक्रम मंजूर केला. तिकडे मुलांना पाण्यापासून दूर ठेवायला पाळणाघरं काढतात, आणि इकडे पाळणाघरातून उचलून पाण्यावर नेतात. याला काय म्हणावं?

एक गैरसमज मात्र थेट जीवावर बेततो. बुडालेल्या मुलाला बाहेर काढलं की उलटं धरायचं, गरगर फिरवायचं, पोट दाबून पाणी काढायचं. असं चुकूनही करू नये. पोट दाबलं की उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते, शिवाय मोलाची मिनिटं वाया जातात. मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास असं चालू ठेवायचं, आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगायचं. हे वाचून येत नाही, बाहुलीवर सराव करून येतं. पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येकीने तो करावा.

बाकीचे गैरसमज झटपट. हवा भरलेले बाजूबंद आणि टायर ही खेळणी आहेत, जीवरक्षक साधनं नव्हेत. “पालकांची सही घेतली आहे” म्हणून जबाबदारी संपत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, त्यात सहीची सूट नाही. “जवळच तर जायचंय” म्हणून स्कूटरवर पुढे एक, मागे एक बसवणंही बेकायदा: दुचाकीवर चालकाच्या मागे एकच जण बसू शकतो, आणि ते मूल नऊ महिने ते चार वर्षांचं असेल तर 15 फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेट, सुरक्षा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे. लहान मुलांना चिंचोटीच्या धबधब्यावर नेऊ नये, हे तर लिहायचंही कारण पडू नये.

पण इथवर वाचून कुणी मुलांना घरात कोंडून टीव्ही लावून देणार असेल, तर तो या सगळ्या गैरसमजांचा बाप. ‘बाहेर नेलं की पोरं आजारी पडतात’ हे खरं नाही. सर्दी वाऱ्याने होत नाही, विषाणूंनी होते, आणि बंद खोलीत दहा नाकं एकत्र असली की विषाणूंची चंगळ. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त वेळ उघड्यावर ठेवलं, तर तीन वर्षांनी त्यांच्यात लांबचं अंधुक दिसू लागलेल्यांचं प्रमाण 30.4 टक्के दिसलं, इतर मुलांत ते 39.5 टक्के होतं. आणि ‘एवढ्याशा मुलांना बाहेर काय कळतं’ म्हणणाऱ्यांनी कोसबाडचं नाव आठवावं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे अनुताई वाघांसह काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरली. ही दोन्ही गावं आपल्याच जिल्ह्यातली आहेत.

मग न्यायचं कुठे? एकट्या काकू आणि तीन-चार लहानगी असतील तर पायी जाता येईल तिथे. केळीच्या वाडीत लोंगर कसा लागतो ते बघायला, पण विहीर आणि बावखल यांच्यापासून लांबच्या वाटेने. चर्चच्या पटांगणात धावायला. बेकरीत पाव भट्टीतून निघताना बघायला. एसटी स्टँडवर गाड्या मोजायला. मोठ्यांना हे अगदीच साधं वाटतं, पण तीन वर्षांच्या मुलाला रिसॉर्टपेक्षा मागे येणारी एसटी जास्त आवडते. वसईचा किल्ला दोन-तीन मोठी माणसं बरोबर असतील तरच, तोही जमिनीवरचा भाग. तटावर कठडे नाहीत आणि आत जुन्या विहिरी आहेत, तेव्हा वर चढणं मोठ्या मुलांसाठी राहू द्या. आणि एका बाईने मुलं किती सांभाळावीत? इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला एका वेळी आठ वर्षांखालची सहाच मुलं ठेवता येतात, त्यांत पाच वर्षांखालची सर्वसाधारणपणे तीनच. बाहेर पडण्याआधी धोक्याचा विचार करणं तिच्यावर बंधनकारक आहे, मात्र तो कागदावर लिहिलाच पाहिजे असं नाही. त्यामुळे ‘ते सगळं परदेशात, आपल्याला कुठे जमतंय’ ही सबबही टिकत नाही. विचार करायला फॉर्म लागत नाही.

राहिला समुद्र. मुलांना तो दाखवायचाच असेल तर रविवारी आईबाबांनी न्यावं, एका लहान मुलामागे एक मोठं माणूस या हिशेबाने. पाळणाघराच्या सहलीत पाणी नको. आणि पालकांनो, संध्याकाळी मूल घ्यायला जाल तेव्हा ‘जेवला का’ याच्या जोडीला एवढं विचारा: उद्या बाहेर नेणार असाल तर कुठे, कशाने आणि बरोबर दुसरं कोण? दुसरं कुणी नसेल आणि जायचं पाण्याकडे असेल, तर स्पष्ट नाही म्हणा. काकूंना राग आला तरी चालेल.