आधी अलिबागचं पान वाचा, मग व्हिएतनामचं

आजचा भाग थळहून. समोर खांदेरी-उंदेरी दिसतायत आणि विषय आहे परदेशाचा. दिवाळीच्या सुट्टीत कमी खर्चात व्हिएतनाम करायचंय, तर तिकीट काढण्याआधी काय वाचायचं? आणि वाचलेल्यातलं किती खरं मानायचं?

एक सोपी परीक्षा आहे. गाईडबुक किंवा प्रवासाची साइट, काहीही असो, आधी त्यात आपल्या भागाचं पान शोधा. खांदेरीचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये सुरू केलं, हे जुन्या पुस्तकातही बरोबर सापडेल. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते, हेही सापडायला हवं. पण २०१९ च्या पुस्तकात भाऊच्या धक्क्यावरून येणारी रो-रो नसणार, कारण ती सुरूच झाली मार्च २०२० मध्ये!

म्हणजे काय? इतिहास, नकाशा, हवामान टिकतं. बोटी, भाडी, खोल्यांचे दर शिळे होतात. आता हेच व्हिएतनामला लावा.

हवामानासाठी जुनं पुस्तकही चालेल. दिवाळीत आपल्याकडे पाऊस सरलेला असतो, पण होई आन, ह्यू, दा नांग या मधल्या किनाऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भर पावसाचे दिवस. पूरही येतो. हनोईकडे मात्र तेव्हा हवा छान असते. हे न वाचता स्वस्त तिकीट काढलं, तर सुट्टी खोलीत बसून जाईल.

दरांसाठी पुस्तक नको. अलीकडचे अनुभव वाचा, आणि व्हिडिओ बघताना आधी तारीख बघा.

व्हिसासाठी मात्र फक्त सरकारी साइट. जुनी पुस्तकं ई-व्हिसा ३० दिवसांचा सांगतात, पण ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदाच प्रवेशाची सरकारी फी २५ डॉलर. सर्चमध्ये वर येणाऱ्या काही खासगी साइट अगदी सरकारी वाटतात आणि जास्त पैसे घेतात. म्हणून पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' आहे ना, हे बघूनच पैसे भरा.

तर आज एवढंच करा: अलिबागचं पान उघडा आणि त्यातल्या चुका मोजा. पुढच्या भागात भेटूच!