मोहरीतले निदण

देवरी-सालेकसाकडे धान निघाले की बांधावर नि रस्त्याकडेला काटेरी पानांची पिवळी फुले दिसू लागतात. फूल खरेच देखणे. हा पिवळा धोतरा, हिंदीत सत्यानाशी. मूळचा मेक्सिकोकडचा, कूळ खसखशीचे. पान मोडले की पिवळा चीक येतो.

भीती आहे ती बियांची. मत्तयाच्या 13व्या अध्यायातले निदण आपल्याला ठाऊकच आहे. हे निदण मोहरीतून थेट घाण्यात जाते. त्या तेलातल्या विषाने पाय सुजतात, धाप लागते, हृदय निकामी होऊ शकते. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने साठाहून अधिक माणसे दगावली.

म्हणून टोल्यावर गेलो की मी दोन्ही बिया तळहातावर ठेवून दाखवतो. दोन्ही काळ्या, बारीक. पण मोहरी गुळगुळीत, धोतऱ्याचे बी खडबडीत. म्हाताऱ्या बायांची नजर कमी, बोटे मात्र लगेच ओळखतात! बोंडे सुकण्याआधीच, हाताला फडके गुंडाळून झाड उपटा, असे सांगतो. आणि घरात एकाहून अधिक जणांचे पाय सुजले तर ते तेल बंद करून, उरलेली बाटली घेऊनच दवाखाना गाठा.