शीतयुद्धातही देवीचा रोग हटला, तो कसा?

१९७२ साली हज यात्रा करून इराकमार्गे परतलेल्या एका भाविकाबरोबर देवीचा रोग युगोस्लाव्हियात शिरला. तिथे १९३० नंतर देवीचा रुग्ण आढळला नव्हता, त्यामुळे सुरुवातीला डॉक्टरांनाही तो ओळखता आला नाही. १७५ जणांना लागण झाली, ३५ जण दगावले. साथ आवरण्यासाठी सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना, म्हणजे जवळजवळ अख्ख्या देशाला, लस टोचावी लागली. चार दशकांपूर्वी हद्दपार केलेला रोग दुसरीकडे जिवंत होता, तेवढे त्याला पुरले.

लस तर केव्हाच हाताशी होती. एडवर्ड जेन्नरने ती १७९६ मध्ये शोधली. व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा प्रवास करत ती मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी इथल्या एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातले ते पहिले लसीकरण. तरीही १९६७ मध्ये ३१ देशांत देवीने ठाण मांडले होते आणि वर्षाला किमान एक कोटी माणसांना ती गाठत होती. सगळ्या देशांनी एकाच वेळी तिच्यामागे लागणे, एवढेच राहून गेले होते.

त्यासाठी पुढाकार घेतला सोव्हिएत संघाने, तोही अमेरिकेच्या भूमीवर. १९५८ मध्ये मिनियापोलिस इथे जागतिक आरोग्य सभा भरली होती. सोव्हिएत उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानॉव यांनी तिथे देवी निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला आणि अमेरिकी अध्यक्ष जेफरसन यांनी १८०६ मध्ये जेन्नरला लिहिलेल्या पत्राचा दाखला दिला. शीतयुद्ध तेव्हा ऐन भरात होते. पुढच्या दोन दशकांत सोव्हिएत संघाने उष्ण हवेतही टिकणाऱ्या सुक्या लसीच्या शंभर कोटींहून अधिक मात्रा दिल्या. १९६७ पासूनच्या जोरदार मोहिमेचे नेतृत्व अमेरिकेच्या डॉ. डी. ए. हेंडरसन यांच्याकडे होते. दोन टोकांची सुई एका अमेरिकी कंपनीने तयार केली, तिच्यामुळे लस पूर्वीच्या चौथाईत भागू लागली. कंपनीने त्या सुईचे स्वामित्वशुल्क सोडून दिले.

पद्धत नायजेरियातून आली. तिथे लस अपुरी पडल्याने डॉ. विल्यम फेगी यांनी सरसकट सगळ्यांना टोचण्याऐवजी रुग्ण शोधून त्याच्या आसपासच्या माणसांना टोचले आणि साथ थांबली. हीच पद्धत भारतात वापरली गेली. १९७४ मध्ये आपल्याकडे सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण सापडले, त्यांतले बहुसंख्य बिहारमध्ये. आरोग्यसेवक रुग्णाचे छायाचित्र दाखवत घरोघर फिरले, रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. कितीतरी देशांचे साथरोगतज्ज्ञ भारतीय सहकाऱ्यांबरोबर गावे पालथी घालत होते. मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला शेवटचा रुग्ण आढळला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक संसर्गाचा जगातला अखेरचा रुग्ण सापडला आणि ८ मे १९८० रोजी देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

याला श्रीमंत देशांचा दानधर्म म्हणता येणार नाही. १९६७ नंतर झालेल्या सुमारे ३० कोटी डॉलर खर्चापैकी दोन तृतीयांश भार देवीने ग्रासलेल्या देशांनीच उचलला. ज्याच्याकडे जे होते ते त्याने दिले: कुणी लस, कुणी पैसा, कुणी माणसे.

कोविडमध्ये हे आपण विसरलो. श्रीमंत देशांनी गरजेहून जास्त लसी राखून ठेवल्या. दुसऱ्या लाटेत भारतानेही निर्यात थांबवली आणि तिच्यावर विसंबलेले आफ्रिकी देश ताटकळत राहिले. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला. जंतूंचे नमुने आणि त्यांच्यावरच्या लसी यांची वाटणी कशी व्हावी, हा कळीचा भाग मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोपवला गेला. नमुना देणाऱ्या देशाला लसीची हमी नसेल, तर पुढच्या साथीची खबर तो वेळेवर का देईल?

या प्रश्नावर भारताने पुढाकार घ्यायला हवा. बिहारमध्ये आपण जगाची मदत घेतली, आज पुण्यात जगासाठी लस बनते. घेणारा आणि देणारा अशा दोन्ही बाजू अनुभवलेल्या देशाचा शब्द या वाटाघाटींत वजनदार ठरेल. तो आपण वापरलाच पाहिजे.