पत्र्याखालचा संसार आणि विजेचे बिल

अंबरनाथ-बदलापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हे येथील श्रोत्यांस सांगावयास नको. परंतु तो पारा सावलीतल्या मोकळ्या हवेचा असतो. पालेगावच्या बाजूस चाळीतल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तीन वाजता काय होते, ते कोणतीही वेधशाळा नोंदवीत नाही. तेथे रातपाळी करून आलेला कामगार डोळा लागावा म्हणून कूस बदलीत पडलेला असतो. हाच न झोपलेला माणूस रात्री पुन्हा यंत्रापुढे उभा राहतो. घराच्या छपराचा प्रश्न आम्ही कामगारांचा प्रश्न मानतो, तो एवढ्याचसाठी.

आपल्या ठाणे जिल्ह्यातील जुनी घरे पाहा. कारवीचे कूड, वर मातीचा लेप, डोक्यावर कौले. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाई. पत्रा तसा नाही. तो पातळ, ऊन लागताच तापतो आणि ती उष्णता खाली सोडतो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, पण वर वाट नसल्यामुळे तेथेच कोंडते. अशा खोलीत पंखा लावला तर काय होणार? पंखा हवा थंड करीत नाही. तो फक्त ती हलवितो, आणि अंगावरचा घाम वाळून आपणांस गार वाटते. छताजवळची हवाच भट्टीसारखी असेल, तर पंखा तीच खाली फेकतो. म्हणून आधी छप्पर आणि मग पंखा, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

आता पंख्याचा हिशेब. एक हजार वॅट एक तास चालले म्हणजे एक युनिट. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा. तो बारा तास चालला तर दिवसाला ०.९ युनिट, म्हणजे महिन्याला २७. दिवसरात्र चालला तर ५४. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी सवलतीचा दर आहे खरा. पण तो वर्षाला ३६० युनिटांच्या, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिटांच्या आत राहणाऱ्यासच. एक जुना पंखा आणि एक दिवा एवढ्यातच ही मर्यादा संपते. ज्याच्या घरी सर्वांत जास्त उकडते, त्यानेच पंखा बंद ठेवावा, असा त्याचा अर्थ झाला! नव्या तऱ्हेचा, कमी विजेचा पंखा सुमारे २८ ते ३० वॅट घेतो. बारा तासांना महिन्याचे दहा-अकरा युनिट. त्याची किंमत अधिक, आणि गरिबाजवळ एकरकमी पैसा नसतो. पतपेढ्यांनी लग्नकार्यासाठी कर्ज द्यावे तसे पंख्यासाठीही द्यावे. वाचलेल्या विजेतून हप्ता बराचसा भागतो.

परंतु याहून मोठी गळती मीटरमध्ये आहे. महावितरणच्या घरगुती दरांत महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी. १०१ ते ३०० चा जवळजवळ दुप्पट. समजा, एका चाळीत चार खोल्या आहेत आणि प्रत्येक भाडेकरू ७५ युनिट वापरतो. चौघांचे मीटर वेगळे असते, तर सारेच स्वस्त दरात बसले असते. मालकाने एकाच मीटरवर चौघांना वीज दिली की बेरीज ३०० होते आणि त्यांतले २०० युनिट महाग दरात जातात. वेगळ्या मीटरचा स्थिर आकार प्रत्येकास भरावा लागेल, तो धरूनही वेगळे मीटरच परवडते. मालकाने वर स्वतःचा ठोक दर लावला, तर मग बोलावयासच नको.

विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ४३ सांगते की, जागेचा मालक किंवा भोगवटादार यांपैकी कोणीही अर्ज केल्यास वीजपुरवठा करणे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. भाडेकरू हा भोगवटादारच. अडते ते पुराव्यावर. यास्तव भाड्याची पावती आणि करार मागा, असे आम्ही सभांतून वारंवार सांगतो. लोक पगाराची पावती जपतात, भाड्याची मागतसुद्धा नाहीत.

अमेरिकेत तेलटंचाईनंतर १९७६ साली गरिबांच्या घरांच्या फटी बुजविण्याची सरकारी योजना निघाली. तेथे शत्रू थंडी होती. आपल्याकडे अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेविरुद्ध आराखडा केला, आणि पुढे तेथील वस्त्यांतून छपरे पांढरी करण्याचे काम झाले. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे धोरणच जाहीर केले. आपल्या नगरपालिकांनी ते मागवून वाचावे.

तोवर आपल्या हाती चुना आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो. सिमेंटच्या पत्र्यावर चुना बरा धरतो. त्यात थोडा सरस मिसळावा. लोखंडी पत्र्यावर तो टिकत नाही, तेथे छपरासाठीचा पांढरा रंगच हवा. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून होळीच्या सुमारास दरवर्षी नवा हात द्यावा. भिंतीच्या वरच्या अंगास समोरासमोर दोन झरोके पाडले, तर कोंडलेली हवा निघते. अर्थात मालकास विचारून. छपरावर पेंढा टाकण्याची युक्ती काही जण करतात, पण जवळून विजेच्या तारा जात असतील तर ती आगीस निमंत्रण होय. आणि सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो ठिसूळ असतो. आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चाला. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. तो घासू नका, झाडू नका, नुसता पाण्याने भिजवून वर चुना द्या. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही.