शाळा, बाग आणि मधला रस्ता

पुण्याच्या दक्षिण भागात महापालिकेची एक शाळा आहे आणि तिच्या भिंतीला लागूनच सार्वजनिक बाग. दोन्हींच्या दारावरून एकच रस्ता जातो. शाळेत आणि बागेत येणाऱ्यांना चालत, सायकलनं किंवा बसनं निर्धास्त येता यावं, असा आराखडा करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. वाहतूक नियोजनात आम्ही रस्त्याची रुंदी मोजतो, वाहनं मोजतो. पण शाळेसमोरचा रस्ता घड्याळ लावून पाहिल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. दर दोन तासांनी त्यावरची माणसं बदलतात आणि त्यांची गरजही बदलते. म्हणून नकाशा काढायला बसण्याआधी एक अख्खा दिवस तिथं घालवायचा. तो दिवस असा गेला.

सकाळी 6.00

बागेचं फाटक उघडतं. पहिली गर्दी ज्येष्ठांची. फेऱ्या मारायला, हास्यक्लबला, प्राणायामाला. फाटकाबाहेर पदपथावर दुचाकींची रांग लागते. चालायला येणारी माणसंही गाडीवर येतात, कारण घरापासून बागेपर्यंतचा रस्ता चालण्यासारखा नाही. एका आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, बागेत मी तासभर चालते. पण चौक ओलांडायचा म्हटलं की मुलगाच सोडतो." आजींच्या पायांत बळ आहे. चौकात त्यांना पुरेसा वेळ आणि उभं राहायला जागा मिळत नाही. आराखड्यातली पहिली नोंद हीच: चौकात रस्त्याच्या मध्यभागी थांबता येईल असा उंचवटा हवा, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वाहनं पाहून ओलांडता येईल.

सकाळी 7.00

मोठ्या वर्गांची शाळा सव्वासातला भरते. बहुतेक मुलं चालत येतात, काही सायकलवर. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. म्हणजे मूल चालत किंवा सायकलनं येईल, हे कायद्यानंच धरलेलं आहे. शाश्वत प्रवास ही इथं नव्यानं शिकवायची गोष्ट नाही. मुलं तो रोज करतातच. आपलं काम त्यांना त्यापासून तोडायचं नाही, एवढं आहे.

टेप घेऊन पदपथ मोजायला लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा लागते आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. कागदावर इथला पदपथ रुंद आहे. प्रत्यक्षात विजेचा डबा, त्याला टेकून ठेवलेल्या जुन्या फरश्या आणि एका दुकानाची पायरी अशा तीन गोष्टी एकापाठोपाठ येतात. डब्यापाशी आलं की प्रत्येक मूल सवयीनं दप्तर पुढं ओढतं, आडवं होतं आणि एक पाय खाली रस्त्यावर टाकतं. तो पाय रस्त्यावर पडतो, तिथून हाताच्या अंतरावर बस जाते. जमिनीवर खडूनं खूण करते, फोटो घेते.

सकाळी 8.30

दिवसातला सगळ्यात अवघड अर्धा तास. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये निघाला. लहानग्यांची झोप पुरी व्हावी हा हेतू रास्त आहे आणि मला तो पटतो. मात्र नऊची घंटा म्हणजे ऑफिसच्या गर्दीची वेळ. व्हॅनकाका, रिक्षाकाका, स्कूटरवर दोन मुलांना घेऊन आलेले बाबा, सगळे फाटकासमोर येतात. कुणाचाही दोष नाही. प्रत्येकाला आपलं मूल अगदी दारात सोडायचं असतं, आणि त्यामुळेच चालत येणाऱ्या मुलाचं दार बंद होतं.

उभ्या केलेल्या दोन गाड्यांच्या मधून दुसरीतली एक मुलगी डोकं बाहेर काढते. मी तिच्या शेजारी उकिडवी बसते आणि तिच्या उंचीवरून रस्ता पाहते. दिसतं ते गाडीचं बॉनेट, आरसा आणि वर आकाश. येणारी मोटार तिला दिसत नाही आणि मोटार चालवणाऱ्याला ती दिसत नाही. ताशी 50 किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढं येते, 30 नं येणारी साडेआठ मीटरच्याही आत राहते. माणसं आणि वाहनं जिथं मिसळतात तिथं वेग 30 च्या वर नको, असं फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे, त्याचं कारण हे. भारतात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत 32 हजारांहून जास्त पायी चालणारी होती.

सकाळी 10.00

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत नकाशा पसरतो. शिक्षिकांनी प्रत्येक वर्गात मुलांकडून घर कुठं आणि येण्याची वाट कोणती, ते काढून घेतलं आहे. ठिपके एकत्र केल्यावर लगेच दिसतं की बरीच घरं बागेच्या मागच्या वस्तीत आहेत. सरळ रेषेत शाळा जवळ, पण मुलं मुख्य रस्त्यानं मोठा वळसा घालून येतात. बाई म्हणतात, "मागचं फाटक उघडं असतं, तर निम्मा वळसा वाचला असता. पण ते बागेचं, आमच्या हातात नाही."

महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष आणि पालक, वाहतूक पोलीस, आरटीओ यांचे प्रतिनिधी. बहुतेक ठिकाणी ही समिती बसपुरतंच पाहते. चालत येणाऱ्या मुलांचा विषयही पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या, अशी विनंती करते. बाई लगेच लिहून घेतात.

सकाळी 11.30

क्षेत्रीय कार्यालय. कनिष्ठ अभियंत्यांसमोर फोटो ठेवते. पुणे महापालिकेनं 2016 साली पादचारी धोरण स्वीकारलं. त्यात रस्त्यावर पहिला मान चालणाऱ्याचा, असं तत्त्व आहे. त्यामुळे युक्तिवाद नव्यानं करावा लागत नाही. मी मागते ते मोजकं: शाळेच्या दारासमोर पदपथाच्या उंचीला आणलेलं क्रॉसिंग, म्हणजे मुलाला उतरावं लागणार नाही आणि गाडीला वेग कमी करावाच लागेल, कोपऱ्यांची वळणं आवळून घेणं, म्हणजे ओलांडायचं अंतर घटेल, विजेचा डबा हलवणं.

"मॅडम, डब्याला वेळ लागेल. वीज कंपनीशी पत्रव्यवहार आला," ते म्हणतात. तोवर डब्याच्या पुढून पदपथ रस्त्याच्या बाजूला वाढवता येईल का, हे आम्ही दोघं नकाशावर पाहतो. वाढवता येतो, एक पार्किंगची जागा गेली की. बाकं आणि सायकल लावायचे कठडे यांसाठी नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकात अर्ज करायचं ठरतं. पुण्यात ही पद्धत 2006 पासून आहे, पण शाळांना तिची फारशी आठवण होत नाही.

दुपारी 12.30

मोठी मुलं सुटतात. ऊन माथ्यावर. भिंतीच्या पलीकडे बागेत वर्षावृक्षांची गच्च सावली, अलीकडे तापलेला पदपथ. बाग दुपारी बंद असते. रखवालदार मामा बाकावर डबा खात बसले आहेत. मागच्या फाटकाच्या गजांपैकी एक वाकवलेला आहे आणि त्याच्या कडा मुलांच्या अंगाखांद्यांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत. वाट आधीच तयार आहे, फक्त ती चोरवाट आहे. मामा म्हणतात, "पोरं त्यातनंच येतात, मला दिसतं की. चावी माझ्याकडंच असती. पण वरनं सांगितल्याबिगर मी कशी उघडू?"

या आराखड्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा इथं आहे. शाळा भरताना आणि सुटताना मागचं फाटक उघडायचं आणि बागेतली कडेची वाट शाळेच्या दारापर्यंत न्यायची. खोदकाम नाही, झाडाला धक्का नाही. उद्यान विभागाची लेखी परवानगी, मामांच्या कामाच्या वेळेत बदल आणि वाटेवर एक फलक, एवढंच.

दुपारी 2.30

लहान वर्ग सुटतात. रिक्षाकाका मुलांची दप्तरं हुकाला अडकवत असतात. त्यांच्याशी न बोलता केलेली योजना चालणार नाही, म्हणून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहते. दाराऐवजी पुढच्या गल्लीत, बागेच्या कडेला ठरलेली थांबण्याची जागा दिली आणि तिथून शिक्षिका मुलांना रांगेनं आणतील, तर? एक काका विचार करून म्हणतात, "सावली असंल तर चालंल, ताई. दारात आम्हालाबी शिव्या बसतात."

संध्याकाळी 5.00

बाग पुन्हा भरते. झोपाळे, घसरगुंडी, भेळेची गाडी, फुगेवाले. पदपथ मोकळा करायचा म्हणजे यांना हाकलायचं, असा सल्ला हमखास मिळतो. मी तो घेत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना संरक्षण दिलं आहे. शिवाय अंधार पडल्यावर त्यांच्या दिव्यांमुळे आणि माणसांमुळेच बायकांना आणि मुलींना हा रस्ता सुरक्षित वाटतो. त्यांना फाटकापासून थोडं दूर, पदपथाच्या रुंद भागात आखून जागा द्यावी, असं लिहिते. पीएमपीच्या थांब्यापासून बागेपर्यंतही चालत जाते. थांब्यावर छप्पर आहे, पण पुढं दिव्याचा एक खांब बंद आहे. तोही यादीत जातो.

हास्यक्लबच्या मंडळींना पुन्हा भेटते. सकाळी नऊच्या सुमाराला क्रॉसिंगवर कुणी उभं राहील का? तीन-चार आजोबा लगेच तयार होतात. वाहतूक पोलिसांकडून त्यांना प्रशिक्षण मिळालं की बागेची माणसं शाळेच्या उपयोगी पडतील.

रात्री 8.30

टेबलाशी बसून मांडणी करते. आराखड्याच्या पहिल्या पानावर रस्त्याचा छेद नको, वेळापत्रक हवं: कोणत्या तासाला रस्ता कुणाचा, आणि त्या तासाला काय उघडं, काय बंद, कोण उभं. बांधकामाची पानं त्यामागून येतील, कारण काँक्रीटला वर्ष लागेल आणि फाटकाची परवानगी पंधरवड्यात मिळू शकते.

दुसरीतल्या मुलाला एकट्यानं, भीती न बाळगता शाळेत येता आलं, तर आजींनाही बागेत चालत येता येईल आणि बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईलाही. या कसोटीवर जी सूचना उतरत नाही ती मी आजच खोडली. उद्या पहिलं पत्र उद्यान विभागाला जाईल, सोबत मुख्याध्यापिकाबाईंची सही आणि मुलांनी काढलेला ठिपक्यांचा नकाशा.