गोदावरीच्या दुसऱ्या टोकाचा मासा

निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात गोदावरी अडते, तिथे मासे गोड्या पाण्याचे. हीच नदी आंध्रात अंतर्वेदीजवळ समुद्राला मिळते, आणि तिथल्या किनारी तळ्यांत सिल्व्हर पॉम्पॅनो हा समुद्री मासा पाळून पाहिला गेला आहे.

अंग चपटे व चांदीसारखे, तोंड बोथट, शेपटी खोल दुभंगलेली, परांवर पिवळसर झाक. पिल्ले उष्ण समुद्राच्या वाळूच्या किनाऱ्यालगत, लाटा फुटतात त्या उथळ पाण्यात वाढतात. मोठा मासा खडकांकडे, प्रवाळांकडे सरकतो आणि शिंपले-गोगलगाई कवचासकट चिरडून खातो. दिसायला पापलेटसारखा असला तरी त्याचे कूळ वेगळे, आपल्या हलव्याचे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने 2011 मध्ये बंदिस्त जागेत त्याची पिल्ले निपजवली. माझ्या मते या माशाच्या बाबतीत सर्वांत मोलाचे काम हेच, कारण त्यामुळे बीजासाठी समुद्रातून पिल्ले पकडण्याची गरज उरली नाही.

निमखाऱ्या पाण्यातही तो चांगला वाढतो. मात्र निफाडच्या शेततळ्यात तो सोडण्याचा मोह कृपया टाळा. इथल्या गोड्या पाण्याला रोहू-कटलाच योग्य.